ताणप्रसंगी शरीराची सिद्धता : ॲड्रेनॅलिनच्या कार्याचे विवेचन

बीजसंज्ञा : ॲड्रेनॅलिन, नॉरॲड्रेनॅलिन, अधिवृक्क ग्रंथी, अनुकंपी चेतासंस्था, ग्राही, विंचूदंश

प्रास्ताविक

पदवी स्तरावरील शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकांत ॲड्रेनॅलिन या संप्रेरकाचा परिचय बहुधा एका यादीच्या रूपाने करून दिला जातो. भीती वा क्रोध उत्पन्न झाला की अधिवृक्क ग्रंथीतून ॲड्रेनॅलिन स्रवते. त्यामुळे हृदयाची गती वाढते, श्वास जलद होतो, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, अंगावर काटा उभा राहतो, घाम सुटतो, रक्तातील शर्करा वाढते आणि प्राणी लढण्यास अथवा पळण्यास सिद्ध होतो. विद्यार्थी ही यादी पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत जशीच्या तशी उतरवतात. यादीतील प्रत्येक लक्षण प्रत्यक्षात दिसते, यात वाद नाही. परंतु त्या सर्वांचे कर्तृत्व एकाच रेणूच्या पदरात टाकणे शास्त्रीय दृष्ट्या टिकणारे नाही.

ताणाच्या पहिल्या क्षणी शरीराला जागे करण्याचे काम चेतातंतू करतात. ॲड्रेनॅलिन त्यांच्यामागोमाग येते, चेतातंतूंचा हात जेथे पोहोचत नाही तेथे रक्तावाटे पोहोचते आणि मुख्यत्वेकरून स्नायूंच्या श्रमासाठी लागणारे इंधन व प्राणवायू यांची तजवीज करते. हे श्रमविभाजन प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. हा भेद केवळ ग्रंथगत आहे असे कोणास वाटण्याचा संभव आहे; तथापि इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही रुग्णाची साखर अचानक उतरली असता ती ओळखता येणे किंवा कोकणात लाल विंचू चावलेल्या मुलाचे प्राण वाचणे या गोष्टी याच भेदाशी निगडित आहेत.

शोधाची वाटचाल

अधिवृक्क ग्रंथींच्या विकाराचे वर्णन थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये केले होते. पण ग्रंथी नेमके काय करते हे त्यानंतर चार दशके अज्ञात राहिले. १८९४ मध्ये जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर यांनी लंडन येथे ग्रंथीचा अर्क कुत्र्याच्या नीलेत टोचला असता रक्तदाब झपाट्याने चढतो असे दाखवून दिले. जोकिची ताकामिने व त्यांचे सहकारी केइझो उएनाका यांनी १९००-०१ च्या सुमारास अमेरिकेत या अर्कातून स्फटिकरूप द्रव्य वेगळे काढले. शुद्ध स्वरूपात हाती आलेले हे पहिले संप्रेरक मानले जाते. गंमत अशी की ते तितकेसे शुद्ध नव्हते. ग्रंथीपासून मिळविलेल्या त्या काळच्या ॲड्रेनॅलिनमध्ये नॉरॲड्रेनॅलिनचा अंश मिसळलेला असे आणि अनुकंपी चेतातंतूंच्या टोकांशी नॉरॲड्रेनॅलिन स्रवते हे उल्फ फॉन ऑयलर यांनी दाखवून देईपर्यंत १९४६ साल उजाडले. मधल्या काळातील पुष्कळसा गोंधळ या भेसळीचाही आहे.

ॲड्रेनॅलिनची सांगड भावनांशी घातली ती हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन यांनी. १९११ मध्ये त्यांनी व द ला पाझ यांनी मांजराचे रक्त आधी शांत स्थितीत आणि नंतर भुंकणाऱ्या कुत्र्याने त्याला घाबरविल्यावर घेतले. रक्त घेण्याची जागा अधिवृक्क नीला जेथे महानीलेस मिळतात त्याच्या वरची होती. आतड्याच्या स्नायूची एक पट्टी त्या रक्तात ठेवली असता शांत मांजराच्या रक्तात तिचे आकुंचन चालू राहिले आणि भ्यालेल्या मांजराच्या रक्तात ती सैल पडली. रासायनिक मापनाची साधने नसताना स्नायूच्या पट्टीलाच मापक बनविण्याची ही युक्ती आजही वर्गात सांगण्याजोगी आहे. १९१५ च्या आपल्या ग्रंथात कॅनन यांनी ‘लढा किंवा पळा’ ही कल्पना विस्ताराने मांडली, आणि पाठ्यपुस्तकांतील यादी तेथूनच उतरत आली.

ग्रंथीची रचना : चेतासंस्थेचा रक्तात उघडणारा शेवट

प्रत्येक मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाची असते. तिचे बाह्यक आणि मध्यक हे दोन भाग गर्भावस्थेत निरनिराळ्या पेशीसमूहांपासून घडतात. बाह्यक कॉर्टिसॉलसारखी स्टेरॉइड संप्रेरके बनविते. ग्रंथीच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढे असलेले मध्यक मात्र मुळात चेतापेशींच्याच कुळातले आहे. इतर अवयवांकडे जाणाऱ्या अनुकंपी मार्गात दोन चेतापेशी एकामागून एक असतात. मेरुरज्जूतून निघालेली पहिली पेशी वाटेतल्या गंडिकेत दुसरीला संदेश देते आणि दुसरी अवयवापर्यंत पोहोचते. मध्यकाच्या बाबतीत पहिल्या पेशीचा तंतू थेट ग्रंथीतच येतो. तेथील पेशी म्हणजे जणू तंतू न फुटलेल्या दुसऱ्या चेतापेशीच होत. अवयवाशी जोडलेले टोक नसल्याने त्या आपला स्राव रक्तात सोडतात.

मेंदूतील अमिग्डाला व हायपोथॅलॅमस यांनी धोक्याची नोंद घेतली की मस्तिष्कस्तंभ व मेरुरज्जू यांमार्गे आवेग मध्यकापर्यंत येतो. तंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन स्रवते, मध्यकातील पेशींत कॅल्शियम शिरते आणि आधीच भरून ठेवलेल्या सूक्ष्म कणिका आपला साठा रिता करतात. मानवात या स्रावात सुमारे ८० टक्के ॲड्रेनॅलिन आणि उरलेले बहुतांश नॉरॲड्रेनॅलिन असते. घटकेत तयार होणारे असे येथे काही नाही. माल कोठारात असतो, दार तेवढे उघडते.

हे मध्यक बाह्यकाच्या वेष्टनात का असावे, या प्रश्नाचे उत्तर मला या सर्व विषयातील एक अत्यंत देखणा भाग वाटतो. टायरोसिन या अमिनो आम्लापासून डोपा, डोपामिन, नॉरॲड्रेनॅलिन आणि शेवटी ॲड्रेनॅलिन अशी साखळी असते. शेवटचा टप्पा पार पाडणारे विकर पुरेशा प्रमाणात निर्माण होण्यासाठी कॉर्टिसॉल लागते, तेही शरीरातील इतर रक्तात आढळते त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात. ग्रंथीतील रक्त बाह्यकाकडून मध्यकाकडे वाहते आणि वाटेत कॉर्टिसॉलने संपृक्त होते. जन्मतःच कॉर्टिसॉल नीट न बनणाऱ्या मुलांत ॲड्रेनॅलिनही कमी आढळते, ते यामुळेच. शीघ्र ताणाचे संप्रेरक आणि संथ ताणाचे संप्रेरक अशी जी विभागणी आपण फळ्यावर दोन रकान्यांत करतो, ती ग्रंथीच्या आत इतकी स्वच्छ नाही.

दोन निसर्गसिद्ध प्रयोग

चेतातंतू आणि ग्रंथी यांचा वाटा वेगळा करून कसा पाहावा? वैद्यकाने नकळत दोन प्रयोग आपल्यापुढे मांडून ठेवले आहेत.

काही आजारांत दोन्ही अधिवृक्क ग्रंथी शस्त्रक्रियेने काढून टाकाव्या लागतात. अशा रुग्णांना कॉर्टिसॉलच्या जागी औषध जन्मभर घ्यावे लागते, अन्यथा जीव धोक्यात येतो. क्षार राखणाऱ्या संप्रेरकाचीही भरपाई करावी लागते. ॲड्रेनॅलिन मात्र त्यांना कोणी देत नाही. तरीही ही माणसे घाबरतात तेव्हा त्यांची छाती धडधडते आणि जिना चढताना नाडी वाढते. हृदयाला येणारे अनुकंपी तंतू शाबूत असतात व नॉरॲड्रेनॅलिनच्या साहाय्याने आपले काम करीत राहतात.

हृदयरोपणात याच्या नेमके उलट घडते. दात्याचे हृदय बसविताना त्याचे सर्व चेतातंतू तुटलेले असतात. व्हेगस चेतेचा लगाम नसल्याने ते विश्रांतीतही काहीसे जलद चालते. असा रुग्ण चालू लागला की निरोगी माणसाप्रमाणे त्याची नाडी लगेच वाढत नाही. काही मिनिटांनी, रक्तातील ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिन चढल्यावर, ती हळूहळू वाढते. आणि तो थांबल्यावरही बराच वेळ चढीच राहते. केवळ संप्रेरकावर चालणारे हृदय कसे असते याचे यापेक्षा बोलके उदाहरण देता येणार नाही. म्हणूनच रोपणाच्या रुग्णांना व्यायामापूर्वी सावकाश अंग गरम करण्याचा आणि एकदम न थांबण्याचा सल्ला देतात.

अलीकडे या चित्रात आणखी एका घटकाची भर पडली आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः उंदरांवरील एका अभ्यासात हाडांतून स्रवणारे ऑस्टिओकॅल्सिन हे ताणाच्या पहिल्या काही मिनिटांत वाढते आणि लगाम घालणाऱ्या परानुकंपी चेतासंस्थेला गप्प करते असे आढळले. अधिवृक्क ग्रंथी नसलेल्या उंदरांतही ताणाचा प्रतिसाद टिकून होता. मानवात याचे महत्त्व किती, हे ठरण्यास अवधी आहे. पण ‘ॲड्रेनॅलिन म्हणजे ताणाचा प्रतिसाद’ हे समीकरण त्याने आणखी सैल केले आहे हे निश्चित.

ॲड्रेनॅलिनचे स्वतःचे काम

मग या संप्रेरकाकडे उरते काय? पुष्कळ उरते, आणि ते मुख्यतः स्नायूंच्या सेवेचे आहे.

यकृताचे उदाहरण घेऊ. यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन साठविलेले असते. ॲड्रेनॅलिन यकृतपेशींच्या पृष्ठभागावरील ग्राहींशी जोडले गेले की आत साखळी प्रक्रिया सुरू होते. प्रत्येक टप्प्यावर एक रेणू अनेकांना कामाला लावतो, आणि त्यामुळे रक्तातील अत्यल्प संप्रेरकातून मोठ्या प्रमाणावर ग्लुकोज बाहेर पडते. अर्ल सदरलँड यांनी या साखळीतील मधला दूत, म्हणजे चक्रीय एएमपी, शोधून काढला व त्यासाठी त्यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वेळी स्वादुपिंडातील इन्सुलिनचा स्राव दाबला जातो. हे न समजल्यास ताणातील शर्करावाढ अर्धीच समजते. यकृताने ओतलेली साखर इन्सुलिनच्या प्रभावाने जेथे-तेथे साठविली गेली असती, तर श्रम करणाऱ्या स्नायूंना आणि मेंदूला तिचा लाभ झाला नसता. स्नायूंत स्वतःचेही ग्लायकोजेन असते, पण त्यापासून मुक्त ग्लुकोज बनविणारे विकर स्नायूंत नाही. त्यामुळे स्नायूंचा साठा त्या त्या स्नायूलाच उपयोगी पडतो. मेदपेशींतून मेदाम्ले सुटतात ती लांबणाऱ्या श्रमासाठी.

फुप्फुसांतील बारीक श्वासनलिकांच्या स्नायूंना अनुकंपी तंतूंचा पुरवठा अगदीच तुटपुंजा असतो. त्या सैल करून वायुमार्ग रुंद करण्याचे काम रक्तातील ॲड्रेनॅलिनच करते. रक्ताच्या वाटपाबाबतही त्याची करामत पाहण्यासारखी आहे. त्वचेच्या व आतड्यांच्या रक्तवाहिन्या ते आकुंचित करते, तर माफक प्रमाणात असताना सांगाड्याच्या स्नायूंतील रक्तवाहिन्या प्रसरण पावतात. परिणामी वरचा रक्तदाब वाढतो आणि खालचा काहीसा उतरतो. नॉरॲड्रेनॅलिन टोचल्यास मात्र दोन्ही दाब वाढतात व प्रतिक्षेपाने नाडी मंदावते. दोन रेणूंत फरक अवघ्या एका मिथिल गटाचा आहे!

एकच संप्रेरक एका वाहिनीस आवळते आणि दुसरीस सैल करते याचा उलगडा रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये केला. अवयवांत आल्फा आणि बीटा असे दोन प्रकारचे ग्राही असावेत असे त्यांनी प्रतिपादन केले. औषधशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकाने त्यांचा हा निबंध नाकारला होता आणि तो शरीरक्रियाशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला, ही गोष्ट समीक्षित नियतकालिकांत लिहिणाऱ्या आपणा सर्वांस धीर देणारी आहे. याच कल्पनेच्या आधारे जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल हे बीटा ग्राही रोखणारे औषध तयार केले. ग्राहींचे पुढे आणखी उपप्रकार ठरले आणि २०१२ मध्ये रॉबर्ट लेफ्कोविट्झ व ब्रायन कोबिल्का यांना या कुळातील ग्राहींच्या अभ्यासासाठी नोबेल पारितोषिक देण्यात आले.

ॲड्रेनॅलिनचा अंमल अल्पजीवी असतो. रक्तात त्याचे अर्धायुष्य दोन-तीन मिनिटांचे. विकरे त्याचे विघटन करतात आणि अवशेष मूत्रावाटे निघून जातात. कॉर्टिसॉल आपल्या उच्चांकास पोहोचते तेव्हा ताण सुरू होऊन वीस-तीस मिनिटे झालेली असतात.

घाम कोणाचा?

यादीतील दोन लक्षणे ॲड्रेनॅलिनच्या खात्यावर जवळजवळ चुकीनेच जमा आहेत. अंगावरचा काटा केसांच्या मुळाशी असलेल्या स्नायूंना मिळणाऱ्या अनुकंपी तंतूंमुळे येतो. घामाची कथा अधिक विचित्र आहे. शरीरभरच्या घर्मग्रंथींना अनुकंपी तंतूच पुरवठा करतात, पण त्यांच्या टोकाशी नॉरॲड्रेनॅलिन स्रवत नाही. तेथे ॲसिटिलकोलिन असते. भीतीने फुटणारा घाम हे मूलतः चेतातंतूंचे काम आहे.

हा तपशील क्षुल्लक वाटेल. पण इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीच्या रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली घसरते तेव्हा छातीत धडधड, हातापायांस कंप आणि घाम ही लक्षणे तिला सावध करतात. अशी व्यक्ती रक्तदाबासाठी बीटा ग्राही रोखणारे औषध घेत असेल तर धडधड व कंप दबून जातात. घाम दबत नाही, कारण त्याचा मार्गच निराळा. अशा रुग्णाच्या घरच्यांना एवढे एक वाक्य कोणी समजावून सांगितले असेल, तर दरदरून फुटलेल्या घामावरून ते वेळीच साखर देऊ शकतात. पहिल्या प्रकारच्या दीर्घकालीन मधुमेहात साखर उतरल्यावर ग्लुकॅगॉन स्रवण्याची क्षमता बहुधा नष्ट झालेली असते; तेथे ॲड्रेनॅलिन हाच मुख्य रक्षक उरतो, आणि वारंवार साखर उतरत गेल्यास तोही मंदावतो.

व्यासपीठावरील प्राध्यापक

डिम्सडेल आणि मॉस यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आपल्या व्यवसायाशी संबंधित आहे. सभेपुढे भाषण करणाऱ्या तरुण डॉक्टरांच्या रक्तात ॲड्रेनॅलिन सुमारे दुप्पट झाले. शारीरिक व्यायामात मात्र वाढ प्रामुख्याने नॉरॲड्रेनॅलिनची, जवळजवळ तिप्पट, होती. म्हणजे ज्या प्रसंगी पाऊलही हलवायचे नसते त्या प्रसंगी इंधनाची सर्वाधिक जुळवाजुळव होते. साखर व मेदाम्ले रक्तात उतरतात आणि त्यांचा उपयोग करणारे स्नायू मेजामागे स्तब्ध असतात. मुलाखत, तोंडी परीक्षा, मूल्यांकन समितीची भेट, हे सारे त्याच जातीचे.

मनावर होणारा परिणामही थेट नाही. ॲड्रेनॅलिन रक्त-मेंदू अडसर सहसा ओलांडत नाही. व्हेगस चेतेतील संवेदी तंतूंमार्फत त्याची वार्ता मेंदूला कळते आणि तेथे मेंदूचे स्वतःचे नॉरॲड्रेनॅलिन स्रवते. १९९४ मध्ये केहिल, मॅकगॉ व सहकाऱ्यांनी काही स्वयंसेवकांना प्रोप्रॅनोलॉल देऊन एक कथा चित्रांसह सांगितली. कथेचा साधा भाग त्यांना इतरांइतकाच आठवला. भावनोत्कट भाग मात्र एरवी अधिक ठळकपणे लक्षात राहतो तसा राहिला नाही. अपमानाचा एखादा प्रसंग वीस वर्षांनी बारकाव्यांसह आठवतो, त्यामागे ही यंत्रणाही असावी.

सिद्धता तारते तेव्हा आणि मारते तेव्हा

मधमाशीचा दंश, पेनिसिलिनचे इंजेक्शन किंवा शेंगदाणा यांमुळे काही व्यक्तींत तीव्र ॲलर्जीचा झटका येतो. रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब कोसळतो, श्वासनलिका आवळतात, घशाला सूज येते. येथे ॲड्रेनॅलिन हाच पहिला उपाय होय. आल्फा ग्राहींमार्फत ते वाहिन्या आवळते, बीटा ग्राहींमार्फत श्वासनलिका मोकळ्या करते आणि ॲलर्जीची द्रव्ये सोडणाऱ्या पेशींनाही रोखते. प्रौढास ०.५ मिलिग्रॅम एवढी मात्रा मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत देतात. त्वचेखाली दिल्यास तेथील वाहिन्याच आकुंचित होऊन औषध अडकून पडते. स्नायूतून ते लवकर रक्तात जाते.

लाल विंचवाच्या दंशात याच्या विरुद्ध बाजू दिसते. त्याचे विष चेतातंतूंवरील सोडियम मार्ग वेळेवर बंद होऊ देत नाही. तंतू पुन्हा पुन्हा पेटत राहतात. अनुकंपी टोके आणि अधिवृक्क मध्यक आपला साठा रक्तात ओतत सुटतात. आधी उलट्या, लाळ आणि दरदरून घाम. मग हातपाय बर्फासारखे गार, रक्तदाब भडकलेला. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. कोकणातील जांभ्या दगडाच्या प्रदेशात असे मृत्यू वर्षानुवर्षे घडत होते आणि ‘विंचू उतरविणाऱ्या’ मांत्रिकाकडे मोलाचे तास खर्ची पडत होते.

महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ही लक्षणे तासातासाने नोंदवून १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली आणि आल्फा ग्राही रोखणारे प्राझोसिन हे स्वस्त, तोंडावाटे देता येणारे औषध वापरण्यास सुरुवात केली. त्यापूर्वी पश्चिम भारतात गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत. १९८४ नंतर प्राझोसिनच्या वापराने हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले. २०११ मध्ये बावस्कर दांपत्याने ७० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. तीत प्राझोसिनला विंचूप्रतिविषाची जोड दिली असता रुग्ण सरासरी ८ तासांत बरे झाले, केवळ प्राझोसिनवर सुमारे १८ तास लागले. मधमाशीच्या दंशात जो आल्फा परिणाम सुईवाटे शरीरात घालावा लागतो, तोच विंचवाच्या दंशात गोळी देऊन थोपवावा लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात घामाने भिजलेले, हातपाय गार पडलेले मूल समोर येते, तेव्हा ‘काय चावले?’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा लागतो तो यासाठी.